पाटी लावायची की पोरीला पाठवायचं?

पत्र:

ताई, सलाम. आमचं चर्च नगर जिल्ह्यातल्या एका गावात आहे, अमेरिकन मिशनने सुरू केलेलं, जुनं दगडी. यंदा वर्धापनदिनाला मिशनरींच्या ऋणनिर्देशाचा कार्यक्रम ठरलाय आणि तरुण संघाचा सेक्रेटरी म्हणून तो माझ्या गळ्यात पडलाय. कमिटीने वर्गणी काढून संगमरवरी पाटी करायची ठरवलीय, तिच्यावर सगळ्या साहेब-मडमांची नावं. पण आमच्या पोरांना ह्यात काडीचा इंटरेस्ट नाही. एकजण म्हणाला, इंग्रजांच्या मागे मागे आलेले लोक, त्यांचे कसले आभार मानता? दुसऱ्याने मोबाईलवर आलेला मेसेज दाखवला, की तुमचे पणजोबा दुष्काळात धान्यासाठी बाटले. मला उत्तरच देता आलं नाही. त्यातच आमच्या संघातली एक मुलगी, नर्सिंग झालेली, म्हणतेय मला दोन वर्षं दुसऱ्या राज्यातल्या आदिवासी भागात मिशन हॉस्पिटलला जायचंय. वडील नाही म्हणतात, स्थळं बघतायत. कमिटीतले मोठे म्हणतात आताच्या काळात हे कशाला. मी तिला प्रोत्साहन देऊ की गप्प बसू? आणि कार्यक्रमात असं काय करू की पोरांना मनापासून काहीतरी वाटेल?

— तरुण संघाचा एक सेक्रेटरी

उत्तर:

भाऊ, सलाम.

पत्र वाचून आधी हसू आलं, कारण कमिटी म्हटली की पाटी आलीच. कुणाचे उपकार मानायचे ठरलं की आपल्या लोकांना पहिला संगमरवर आठवतो. मी पाटीच्या विरोधात नाहीये, लावा हवी तर, पण अशा पाट्या आपल्या चर्चांमध्ये आधीच किती आहेत बघा, पावसाळ्यात आपण त्यांच्याखाली छत्र्या टेकवून ठेवतो आणि वर काय लिहिलंय ते कुणी विचारलं तर अर्ध्या मंडळीला सांगता येणार नाही. आणि तुम्ही एकाच पत्रात लिहिताय की पाटीसाठी वर्गणी गोळा झालीय आणि जी मुलगी खरंच जायला निघालीय तिला मात्र आताच्या काळात कशाला. हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं तुम्हाला वाटतंय, मला तो एकच वाटतो, पण त्याच्याकडे शेवटी येते, आधी तुमच्या पोरांचं बघू.

इंग्रजांच्या मागे आले म्हणणाऱ्या पोराला ओरडू नका, त्याने विचार केलाय. फक्त तुमच्या चर्चच्या बाबतीत त्याची गोष्ट चुकलीय. तुमचं मिशन अमेरिकन. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघं तरुण १८१२ मध्ये अमेरिकेतून निघाले, आधी कलकत्त्याला उतरले, तर कंपनी सरकारने तिथल्या तिथे परत जायचा हुकूम काढला. कंपनीला मिशनरी नकोच होते, लोक बिथरतील आणि धंदा बसेल ही भीती. हे दोघं तिथून निसटून फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला आले, तर इथेही तेच, आणि वर त्याच वेळी अमेरिका आणि इंग्लंडचं युद्ध चालू, म्हणजे हे शत्रूच्या देशाचे नागरिक. मुंबईचे गव्हर्नर सर इव्हॅन नेपियन मनाने त्यांच्या बाजूचे होते पण कलकत्त्याहून ऑर्डर, की ह्यांना इंग्लंडला रवाना करा. मग एकदा दोघं गुपचूप बोटीने कोचीनला पळाले, तिथून पकडून परत मुंबईला आणले. शेवटी त्यांनी गव्हर्नरला एक लांबलचक अर्ज लिहिला, आम्हाला हाकलायचं तर तुमच्या देवापुढे ह्याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल अशा अर्थाचा, आणि मग कुठे त्यांना राहू दिलं. त्याच वर्षी लंडनच्या पार्लमेंटने कंपनीच्या सनदेत बदल करून मिशनऱ्यांना परवानगीची वाट मोकळी केली. तर हे सरकारी पाहुणे म्हणून आलेले नव्हते, पोलिसांच्या भाषेत सांगायचं तर बेकायदा राहणारे होते. ही गोष्ट तुमच्या पोरांना सांगून बघा, कोचीनच्या पळापळीशी आली की मोबाईल खाली ठेवतील.

आता पुढचं नीट ऐका, कारण माझ्या मते तुमच्या कार्यक्रमाचा जीव ह्यात आहे आणि ही गोष्ट आपल्याच भागात सुरू होऊन आपल्याच भागात येऊन पोचते.

नॉट आजारी पडून दोन-अडीच वर्षांत परत गेला. हॉल राहिला. मराठी शिकला, शाळा काढल्या, छापखाना आला, नव्या कराराचं मराठी भाषांतर चालू झालं. बाप्तिस्मे किती झाले म्हणाल तर सुरुवातीची कित्येक वर्षं बोटांवर मोजण्याइतके, म्हणजे आजच्या रिपोर्टच्या भाषेत फेल. त्याच्याबरोबर मुंबईत सॅम्युएल नेवेल नावाचा सहकारी होता. ह्या नेवेलची बायको हॅरिएट त्याच पहिल्या तुकडीतली, १९ वर्षांची पोरगी, भारतात राहू दिलं नाही म्हणून मॉरिशसकडे निघाले, वाटेत बोटीवरच बाळंत झाली, बाळ गेलं, आणि मॉरिशसला पोचल्यावर तीही गेली. नेवेल एकटा मुंबईला आला. हॉल आणि नेवेल ह्या दोघांनी मिळून मुंबईत बसून एक छोटी पुस्तिका लिहिली, मायदेशातल्या मंडळ्यांना, म्हणजे चर्चांना, उद्देशून, की जग केवढं मोठं आहे आणि तुम्ही किती थोडी माणसं पाठवताय. १८२१ मध्ये नेवेल कॉलऱ्याने गेला. १८२६ च्या मार्चमध्ये हॉल नाशिककडे गेला होता, तिकडे कॉलऱ्याची साथ, जवळची औषधं लोकांना देत फिरला आणि परतीच्या वाटेवर त्यालाच कॉलऱ्याने गाठलं. वय ४१. घरापासून लांब, वाटेतच संपला.

आता त्या पुस्तिकेचं काय झालं ते बघा. न्यूयॉर्कमध्ये जॉन स्कडर नावाचा एक तरुण डॉक्टर होता, चांगली चाललेली प्रॅक्टिस, एकदा पेशंटच्या घरी गेला आणि तिथे ही पुस्तिका त्याच्या हाती पडली. वाचली, आणि १८१९ मध्ये बायको-मुलीला घेऊन सिलोनला निघाला, तिथून पुढे मद्रासकडे. त्याची मुलं मिशनमध्ये, मग नातवंडं. त्यातली एक नात म्हणजे आयडा. आणि ह्या आयडाला मिशन-बिशन अजिबात नको होतं बरं का! लहानपणी दुष्काळ बघितलेला, घरात सगळे मिशनरी, कंटाळली होती, शिकायला अमेरिकेला गेलेली ती फक्त आई आजारी म्हणून परत आली. तर एका रात्री एकामागून एक तीन माणसं दारात आली, तिघांच्या बायका बाळंतपणात अडलेल्या, तिघांनाही बाईच डॉक्टर हवी, वडील डॉक्टर होते पण पुरुष म्हणून चालेनात आणि आयडाला त्यातलं काही येत नव्हतं. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या. मग ती परत अमेरिकेला जाऊन डॉक्टर झाली आणि १९०० साली तमिळनाडूतल्या वेल्लोरला आली. १९१८ मध्ये तिने मुलींसाठी मेडिकल स्कूल सुरू केलं, पुढे त्याचंच मोठं कॉलेज झालं, मुलगेही यायला लागले.

त्या वेल्लोरला शिकलेली दोन माणसं म्हणजे डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे. आता तुमच्या पोरांचे कान टवकारतील, कारण रजनीकांत आपल्या राहुरीचे. दोघांनी आधी नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम केलं आणि तिथे लक्षात आलं की माणसं बरी होऊन जातात आणि तोच आजार घेऊन परत येतात, कारण पाणी तेच, उपासमार तीच, बाळंतपण त्याच अंधाऱ्या खोलीत. मग पुढचं शिक्षण घेऊन १९७० मध्ये जामखेडला आले आणि गावोगावच्या, बऱ्याचदा अक्षरही न येणाऱ्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं, त्यात दलित बायका, टाकलेल्या बायका, जिच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं तीच पुढे गावातली बाळंतपणं करायला लागली, पोरांची वजनं करायला लागली, जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी किती आणि कसं द्यायचं हे सवर्णांच्या ओट्यावर बसून शिकवायला लागली. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे मिळालं, आणि जगभरचे लोक जामखेडला शिकायला येतात ते काही तिथली हवा चांगली म्हणून नाही.

हॉल गेला १८२६ ला, जामखेड सुरू झालं १९७० ला. मी हे असं जोडून सांगतेय म्हणजे सगळं श्रेय हॉलचं असं अजिबात नाही, मधे हजारो माणसांचे हात लागलेत आणि आरोळे दांपत्याचं डोकं त्यांचं स्वतःचं. पण हॉलला ह्यातलं काहीच दिसलं नव्हतं एवढं पोरांना कळू द्या. तो गेला तेव्हा त्याच्या खात्यावर काय होतं? काही शाळा, एक भाषांतर आणि कुणीतरी कुठेतरी वाचेल म्हणून लिहिलेली पुस्तिका.

कोल्हापूरचीही एक अशीच गोष्ट आहे, थोडक्यात सांगते. तिथे १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर नावाचे मिशनरी गेले, हट्टी माणूस, स्वतःच्याच बोर्डाशी, म्हणजे पाठवणाऱ्या संस्थेशी, भांडण झालं, तरी कोल्हापूरचा नाद सोडला नाही, परत आले ते कुणाच्या पाठिंब्याशिवाय. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला. पुढे घर अमेरिकेला गेलं आणि १८८६ च्या उन्हाळ्यात माउंट हर्मनच्या विद्यार्थी शिबिरात ह्या रॉबर्टने अशी काही हवा केली की १०० पोरांनी परदेशात सेवेला जायची तयारी दाखवली, त्यातून जी विद्यार्थी चळवळ उभी राहिली तिने पुढच्या काही दशकांत हजारो माणसं बाहेर पाठवली. सगळे रॉबर्टचं नाव घेतात. पण त्याच्या आधीपासून घरात रोज ह्याच गोष्टीसाठी प्रार्थनेला बसणारी त्याची बहीण ग्रेस होती, आणि ती नुसती प्रार्थना करून थांबली नाही, स्वतः परत आपल्याकडे येऊन काम केलं. पाटीवर मावेल का ग्रेस? मला शंका आहे.

आता दुसरी बाजू, आणि ही लपवू नका, नाहीतर पोरं बरोबर पकडतील. इंग्रजांचं राज्य नीट बसल्यावर मिशनरी त्याच राज्याच्या सावलीत राहिले हे खरं आहे. मिशनचे बंगले, नोकरचाकर, आपल्या लोकांना 'नेटिव्ह' म्हणून एक पायरी खाली ठेवणं, आपल्या चालीरीतींबद्दल बेधडक काहीही लिहिणं, हे सगळं झालंय. १९१० मध्ये एडिंबराला मिशनऱ्यांची मोठी जागतिक परिषद भरली होती, तिथे तमिळनाडूचे व्ही. एस. अझरिया उभे राहिले आणि भर सभेत म्हणाले की तुम्ही तुमचं धन दिलंत, जीवही दिलेत, पण आम्हाला प्रेम हवंय, आम्हाला मित्र द्या. सभेतल्या बऱ्याच जणांना ते झोंबलं. पण अझरिया स्वतः मिशनशाळेत घडलेले आणि त्यांनीच मित्रांना घेऊन भारतीयांनी चालवलेल्या, भारतीय पैशावरच्या मिशनरी सोसायट्या उभ्या केल्या, १९०३ मध्ये तिरुनेलवेलीची आणि १९०५ मध्ये सगळ्या देशासाठीची.

आपले नारायण वामन टिळक घ्या. मिशनमध्ये वर्षानुवर्षं काम केलं, मिशनरींशी दोस्ती, आणि शेवटी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' काढला, कारण ख्रिस्ताची भक्ती आपल्या मातीतल्या पद्धतीने व्हावी असं त्यांना वाटत होतं. पंडिता रमाबाई तर विचारूच नका, ज्या सिस्टर्सनी इंग्लंडमध्ये सांभाळलं, शिकवलं, त्यांच्याशीच धर्माच्या प्रश्नांवर पत्रांतून कडाक्याचे वाद घातले आणि ऋणही कधी नाकारलं नाही. आभार मानणं म्हणजे मान खाली घालणं नव्हे हे ह्या लोकांकडून शिकावं. तुमच्या संघातल्या त्या पहिल्या पोराला मी तर म्हणेन कार्यक्रमात पाच मिनिटं द्या, मिशनरींचं काय चुकलं ह्यावर बोल म्हणावं, पण वाचून ये. कमिटी चिडेल. चिडू दे, पाळकसाहेबांना आधी विश्वासात घ्या म्हणजे झालं.

धान्यासाठी बाटले हा मेसेज मात्र मला लागला, तुम्हालाही लागला असणार. १८७६ ते ७८ चा दुष्काळ आपल्या भागात भयानक होता आणि त्याच्या आगेमागे नगर जिल्ह्यात बरीच कुटुंबं मंडळीत आली हे खरं. त्यातले काही भुकेपोटी आले असतील. असतील! उपाशी माणूस जिथे भाकरी मिळते तिथे जातो, ह्यात लाज उपाशी माणसाने वाटून घ्यायची की ज्यांच्या कणग्या भरलेल्या होत्या त्यांनी? आणि नुसत्या धान्याचं नातं असतं तर पुढच्या चांगल्या पावसाला सगळे निघून गेले असते. मागे राहिले कारण पोरगं शाळेच्या आत बसत होतं, बाहेर पडवीत नाही, आणि कुणीतरी नावाला 'राव' जोडून हाक मारत होतं. ज्यांना गावाच्या विहिरीवर येऊ देत नव्हते त्यांच्या दृष्टीने ही छोटी गोष्ट होती का? तुमच्या पोराला एवढंच सांगा की त्या मेसेजला उत्तर टाइप करत बसू नको, घरी जाऊन आजीला विचार आपण कसे आलो. प्रत्येक घराचं उत्तर वेगळं निघेल, एखादं अवघडही निघेल, निघू दे.

आणि आता पाटीवरची नावं. साहेब-मडमांची सगळी लिहिताय, ठीक. सिंथिया फरार लिहिणार असाल तर नक्की लिहा, ती १८२७ मध्ये आली, लग्न न झालेल्या एकट्या बायका अमेरिकेने परदेशी मिशनवर पाठवल्या त्यातल्या अगदी पहिल्यांपैकी, मुंबईत आणि मग १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच गेली. जोतीराव फुल्यांनी तिच्या शाळा बघितल्या आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं ट्रेनिंग तिच्याकडे घेतलं. म्हणजे दरवर्षी ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालताना तुमच्या जिल्ह्यातल्या एका मास्तरीणबाईचा धागा त्यात आहे हे तुमच्या शाळेतल्या पोरींना माहीत असायला हरकत नाही. पण फरारबाईला खेड्यातल्या घराघरात कोण घेऊन जात होतं? मडमसाहेबांना मराठी कुणी शिकवलं? हे पंतोजी, ह्या घरोघरी बायबल वाचून दाखवणाऱ्या बायबलबाया, उन्हातान्हात चालत जाऊन गाव-गावची शाळा धरणारे ख्रिस्ती मास्तर, ह्यांची नावं अहवालात 'आमचा नेटिव्ह मदतनीस' एवढीच येतात. तुमच्या चर्चच्या जुन्या रजिस्टरात बघा, बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या, पुरण्याच्या नोंदी असतील, पानं जपून उलटा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा कारण वाळवी कुणाची वाट बघत नाही. 'ज्ञानोदय' हे मिशनचं मराठी नियतकालिक १८४२ मध्ये नगरलाच सुरू झालं, त्याचे जुने अंक मिळाले तर त्यात गावोगावच्या बातम्या असतात, तुमच्या गावाचं नाव सापडलं तर पोरं उड्या मारतील.

कार्यक्रमाचं म्हणाल तर मी हेच करेन. भाषणं दोनच, तीही छोटी. महिनाभर आधी पोरांच्या जोड्या करून म्हाताऱ्यांकडे पाठवा, प्रश्न साधे, तुम्हाला कुणी शिकवलं, पहिलं हॉस्पिटल कधी बघितलं, मडम रागवायची का, तुमच्या आईला वाचायला कुणी शिकवलं. रेकॉर्ड करा. एखादी आजी सांगेल की मडमने आईला कसं बाळंतपणात वाचवलं आणि दुसरी सांगेल की त्याच मडमने आपल्याला मातीचे पाय म्हणून बंगल्याच्या आत येऊ दिलं नाही, दोन्ही वाजवा, कापाकापी करू नका. कब्रस्तान साफ करायला तरुण संघ न्या, पण फक्त गोऱ्यांच्या कबरी धुऊन परत येऊ नका, कडेला मातीचे उंचवटे असतात ना बिननावाचे, ते कुणाचे हे सांगणारं एखादं माणूस अजून गावात असेल तर त्याला खुर्ची टाकून बसवा. हॉल ते जामखेड ही गोष्ट पोरांनाच सांगू दे, एकेकाने एकेक माणूस घ्यायचा आणि आपण ते माणूस असल्यासारखं बोलायचं, नाटक-बिटक नको, पाठांतराने मजा जाते. आणि जमलं तर एक दिवस सगळ्यांना जामखेडला घेऊन जा, आधी फोन करून. तिथल्या आरोग्याचं काम केलेल्या बाया बोलायला लागल्या की तुमच्या-माझ्या भाषणाची गरज नाही.

आता ती मुलगी.

प्रोत्साहन देऊ की गप्प बसू असं विचारलंत. गप्प बसू नका, पण स्टेजवर चढवून हारही घालू नका. आपल्याकडे ही एक वाईट खोड आहे, कुणी सेवेला जातो म्हटलं की लगेच साक्ष द्यायला लावायची, टाळ्या, डोळ्यात पाणी, आणि मग सहा महिन्यांनी पोरगी थकून परत आली तर तोंड लपवत फिरते. तिला आधी एकटीला विचारा, का जायचंय? स्थळांपासून सुटका म्हणून जायचं असेल तर तेही कारण वाईट नाही, पण मग ते स्वतःशी तरी कबूल करायला लागेल, कारण तिकडे रात्रपाळीत लाईट गेली आणि तीन पेशंट एकदम आले की सुटकेची हौस फिटते. आणि आयडासारखं आधी नको-नको म्हणून मग जायचं ठरवलेलं असेल तर तिला कुणी थांबवू शकणार नाही, तुमची कमिटी तर नाहीच.

मग कागदाचं बघा. मिशन हॉस्पिटल म्हणून डोळे झाकायचे नाहीत. नेमणुकीचं पत्र लेखी, पगार किती, ड्यूटी किती तासांची, रजा किती, राहायची खोली कुठे, दाराला आतून कडी आहे का, आजारी पडली तर खर्च कोणाचा, दोन वर्षांनी अनुभवाचं सर्टिफिकेट मिळणार का, तिच्या नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनचं त्या राज्यात काय करावं लागेल. हे सगळं विचारलं म्हणजे विश्वास कमी असं होत नाही. तिथे काम करून परत आलेल्या एखाद्या नर्सशी तिचं बोलणं करून द्या, मेडिकल सुपरिंटेंडंटशी बोलण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त. आणखी एक, काही राज्यांत धर्मांतराबद्दल कडक कायदे आहेत, ते तिला माहीत हवेत, आणि कायदा बाजूला ठेवला तरी कण्हणाऱ्या पेशंटच्या अंथरुणापाशी उभं राहून त्याच्या अडचणीचा फायदा घेणं चूकच. तिने नर्स म्हणून जायचं, चांगली नर्स व्हायचं. कुणी विचारलं तू इथे कशाला आलीस तर खरं उत्तर द्यायला तिला कुणाची परवानगी लागत नाही.

वडिलांशी तुम्ही एकट्याने बोलायला जाऊ नका, तरुण संघाचा सेक्रेटरी पोरीची बाजू घेऊन आला म्हटलं की गावात दुसऱ्याच चर्चा सुरू होतील. पाळकसाहेब आणि त्यांच्या बाई जाऊ देत, किंवा महिला संघातली एखादी वजनदार बाई. वडिलांची भीती समजून घ्या, ती खोटी नाही, मुलगी लांब, फोन लागेल न लागेल, दोन वर्षांनी वय वाढलेलं. त्यांना प्रवचन नको, त्यांना माहिती हवी, खोलीचा फोटो, वॉर्डनचा नंबर, मधे एकदा स्वतः जाऊन बघून यायची सोय. तरीही नाही म्हणाले तर? मुलगी सज्ञान आहे, निर्णय तिचा, पण घर तोडून जा असा सल्ला मी देणार नाही, सहा महिने थांबून परत विचारायला काय हरकत आहे. आणि संघातल्या बाकीच्यांना हेही कळू द्या की जो जात नाही तो कमी ख्रिस्ती असं कुणी ठरवलेलं नाही, नगरमध्ये राहून एसटीत प्रामाणिकपणे कंडक्टरकी करणाराही चालतो.

पैशाचं आता बोलतेच, कारण कमिटीपुढे तुम्हाला तेच मांडायचंय. मिशन हॉस्पिटलचे पगार बहुतेक ठिकाणी बेताचेच असतात. तिच्या घरी कर्ज असेल, धाकटा भाऊ शिकत असेल, तर तिच्या जाण्याचा भार घरावर पडतो आणि वडिलांच्या नकाराच्या मागे ते न बोललेलं कारण बऱ्याचदा असतं. तुमच्या मंडळीने दोन वर्षं दरमहा थोडीफार रक्कम तिच्या घरी पोचवायची असं ठरवलं, ठराव करून, मिनिट्समध्ये लिहून, तर मी म्हणेन हा तुमच्या चर्चचा खरा ऋणनिर्देश. हॉलच्या वेळी अमेरिकेतल्या खेड्यापाड्यातल्या मंडळ्यांनी वर्गणी काढून त्याला पाठवलं होतं, त्यातल्या कुणी नगर जिल्हा नकाशावरसुद्धा बघितला नव्हता, आणि त्या पैशातून उभ्या राहिलेल्या मिशनच्या चर्चमध्ये बसून आज तुमची कमिटी आताच्या काळात कशाला म्हणतेय. हे वाक्य तुम्ही बोलू नका, तुम्ही लहान आहात, एखाद्या आजोबांच्या तोंडून येऊ द्या.

पाटीची ऑर्डर अजून गेली नसेल तर लहान करा, साधा काळा दगड, त्यावर साहेबांबरोबर रजिस्टरात सापडलेल्या आपल्या माणसांची नावं, आणि उरलेले पैसे त्या मुलीच्या नावाने बाजूला. ऑर्डर गेली असेल आणि कारागिराने ॲडव्हान्स घेतला असेल तर भांडत बसू नका, पाटी लागू दे, दुसरी वर्गणी काढा. कापणीच्या सणाचं दान त्याला जोडता येईल का ते पाळकसाहेबांना विचारा, माझ्या मते येईल. आणि हॉस्पिटलचं पत्र आलं की त्याची एक झेरॉक्स तिच्या वडिलांकडे द्यायला विसरू नका, मुलीने सांगितलेलं आणि कागदावर वाचलेलं ह्यात बापाला फार फरक वाटतो. तिला माझा सलाम सांगा.

— तुमची ताई